मेश्रामकाकांचा खडू

एके सकाळी उठून पाहतो तर आमच्या फाटकावर पांढऱ्या खडूनं लिहिलेलं : 'सिक'. खाली तारीख. कोणाचा तरी चावटपणा समजून मी ओल्या फडक्यानं ते पुसून टाकलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच, आणि अक्षरं दुप्पट मोठी.

"पुसून काय होते मास्तर?" मागून आवाज आला. "खालची बिजागरी निखळून राहिली. पुसल्यानं बिमारी जाते काय?"

मेश्रामकाकांची आणि माझी ही पहिली भेट.

काका रेल्वेत मालगाडीचे डबे तपासायचे. हातात छोटा हातोडा, खिशात खडू. चाकावर हातोडा मारायचा, कान देऊन आवाज ऐकायचा, आणि डबा नादुरुस्त वाटला की त्यावर 'सिक', म्हणजे आजारी, असं लिहून मोकळं व्हायचं. मग कोणी कितीही मोठा साहेब येऊन आरडाओरडा करो, तो डबा गाडीतून सोडवून बाजूला केल्याशिवाय गाडी हलत नसे. दुरुस्त झाला की 'फिट'. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, खडू मात्र अजून नोकरीवर आहे. आमच्या वस्तीतला वाकलेला विजेचा खांब, साहू भैयांच्या पीठचक्कीचा पट्टा, देवळाची हललेली पायरी, माझी स्कूटर, सगळ्यांवर एकदा तरी 'सिक' लागलेला आहे. मी दोन दिवस खोकलो तर माझ्याकडेही ते खिशात हात घालून पाहत होते.

आमचा पारा (इकडच्या हिंदी मुलखात वस्तीला पाराच म्हणतात) बीरगांवच्या टोकाला आहे. कालपरवापर्यंत गाव होतं, आता ना धड गाव ना धड कॉलनी. घरं अकरा. पाऱ्याच्या तोंडाशी आडवी नाली आहे, आणि तिच्यावरची स्लॅब गेल्या पावसाळ्यात खचली. लोकांनी दोन फळ्या टाकल्या नि विषय संपवला. चारचाकी आत येईना, ऑटोवाले पलीकडेच हॉर्न वाजवत उभे राहत. सगळ्यांना सवय झाली होती. मलाही झाली असती, पण माझी केतकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ऐन वेळी तिला त्या फळ्यांवरून कसं न्यायचं, या एका काळजीनं मला अन्न गोड लागेना.

एकदा बोलताबोलता मी हे काकांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "डॉक्टरनं तारीख कोणती दिली?"

मी सांगितली. त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे दोन महिने आहेत आपल्यापाशी. समिती बनवा लागते मास्तर. एकट्याचं कोणी ऐकत नाही."

दुसऱ्याच दिवशी पीठचक्कीच्या अंगणात सभा भरली. साहू भैया अध्यक्ष झाले, कारण खुर्च्या त्यांच्या होत्या. मग प्रत्येकालाच पद हवं झालं. तीन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, संघटन सचिव, प्रचार मंत्री, दोन सलाहकार. काका स्वतःच 'निरीक्षक' झाले. टाळ्या वाजल्या. काकांनी यादीवरून नजर फिरवली नि विचारलं, "आता सदस्य कोण?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. सदस्य कोणीच नव्हतं.

"अरे, सदस्य नाही तं ठराव पास कोण करंन?"

शिल्लक राहिलो होतो मी, कारण मी उशिरा पोचलो होतो. अशा रीतीनं अख्ख्या समितीत मी एकटा सामान्य सदस्य ठरलो. पुढं प्रत्येक सभेत काका गंभीरपणे विचारत, "जनतेचं काय म्हणणं हाये?" मी हात वर करी. साहू भैया "हव, पास हे!" म्हणत टेबल थोपटत, नि ठराव बहुमतानं नव्हे, एकमतानं मंजूर होई.

पालिकेत पाच अर्ज गेले. सहाव्या अर्जानंतर इंजिनिअर साहेब आले. आले म्हणजे नालीपलीकडं गाडी थांबवून त्यांनी काच खाली केली. "देख लिया. बजट में डाल देंगे." काच वर जाऊ लागली. समितीचे सगळे पदाधिकारी हात जोडून उभे. आता गाडी वळणार, तेवढ्यात मागून 'ठण्' असा आवाज आला. काका मागच्या चाकापाशी वाकले होते. त्यांनी पिशवीतून हातोडा काढला होता, आणि आता टायरवर खडूनं लिहीत होते.

"साहब, गाड़ी नहीं जाएगी."

"क्या मतलब नहीं जाएगी?"

"दो नट ढीले हैं. एक तो है ही नहीं."

साहेब भडकले. काका शांत. "साहब, साठ-साठ डब्बे की मालगाड़ी रोकी है मैंने. ये तो एक ही डब्बा है."

साहू भैयांनी डोक्याला हात लावला. झालं, मी मनात म्हटलं, मिळणार होती ती स्लॅबही गेली. पण ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं चाक हलवून पाहिलं नि त्याचा चेहरा उतरला. काका म्हणत होते ते खरं होतं. मिस्त्री बीरगांवहून नट घेऊन येईपर्यंत तास-दीड तास थांबणं भाग होतं. साहेबांना पीठचक्कीची खुर्ची मिळाली, चहा मिळाला.

तेवढ्यात केतकीचा ऑटो आला. ती दवाखान्यातून तपासणी करून परतत होती. नालीपाशी ती उतरली. एक हात काकांनी धरला, दुसरा मी. फळी लवत होती. ती एकेक पाऊल टाकत, खाली न बघता इकडे आली. साहेब केव्हा उठून उभे राहिले ते मला कळलं नाही. त्यांचा चहा तसाच हातात होता.

"ये रोज़ ऐसे ही आती-जाती हैं?"

"हफ्ते में एक बार साहब," काका म्हणाले. "अगले महीने जल्दी में जाएगी."

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात नालीवर नवी स्लॅब ओतली गेली. ती पक्की होईपर्यंत काका छत्री घेऊन तिच्याजवळ स्टुलावर बसून राहिले. ओली पोती पसरत, पाणी मारत. बकरीलासुद्धा पाय ठेवू दिला नाही. ऐन दिवशी सकाळी गाडी आमच्या दारापर्यंत आली, नि केतकी तिच्यात घरच्या चपला घालून बसली. दुपारी मला नात झाली. त्या दिवशी आनंदापेक्षा कृतज्ञताच जास्त वाटली, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

आठवड्यानं केतकी घरी आली, तसा पेढे घेऊन मी काकांकडं गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्या घरात मी प्रथमच शिरत होतो. काकू जाऊन सहा वर्षं झालीत, मुलगा हैदराबादला. काकांशी बोलणं व्हायचं ते रस्त्यावरच.

"काका, तुमचे आभार कसे मानू?"

"काहून मानता?" ते एकदम चिडले. मग पेढा हातात धरून सांगू लागले.

"माह्या पोट्ट्याच्या वेळी मी ड्युटीवर होतो. घरी हिच्या कळा सुरू झाल्या. क्वार्टरपर्यंत रस्ता नव्हता, नुसता चिखल. चार बाया मजुरीले चालल्या होत्या. त्यांनी हिले खाटेवर घेतलं, सडकेपर्यंत नेलं, रिक्षात बसवलं, अन् आपल्या कामाले निघून गेल्या. मी पोचलो तिसऱ्या दिवशी. लय शोधलं त्यांना. नावं कोणालेच माहीत नव्हती." पेढा त्यांनी पुन्हा डब्यात ठेवला. "आभार राहूनच गेले मास्तर. मंग म्हटलं, जो समोर भेटंन त्याचंच काम करावं. कोण जाणे, त्यांच्यापैकीच कोणाचा नातेवाईक असंन."

निघता निघता मी विचारलं, "मुलाला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा कसं वाटलं होतं?"

"घेतलंच नाही. भेव वाटे. आज घेऊ, उद्या घेऊ, असं करता करता पोट्टा चालायलेच लागला."

मी डबा तिथंच ठेवला, घरी गेलो, आणि केतकीला नि बाळाला घेऊन परत आलो. काकांनी साबणानं हात धुतले, सतरंजीवर मांडी घातली, हात पुढं केले, मागं घेतले, पुन्हा पुढं केले. केतकीनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते हलले नाहीत. चांगला अर्धा तास झाला, तशी घरून बायकोची हाक आली, बाळाची दुधाची वेळ झाली म्हणून.

मी उठू लागलो. आमच्या केतकीला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र ती हिंदीतच. तिनं माझा सदरा धरून मला खाली बसवलं.

"रहने दो ना बाबा," ती हळूच म्हणाली, "अभी सो रही है."

बाळ टक्क जागं होतं.