तिरोडकरकाकांचा जाहीर बहिष्कार

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर पाण्याची टाकी धुण्याची किंवा लिफ्ट बंद राहण्याची सूचना सोडली तर फारसं काही लागत नाही. एके दिवशी तिथे सुवाच्य अक्षरातला एक नवा कागद दिसला.

'जाहीर बहिष्कार. सर्व सभासदांस कळविण्यात येते की, संगणकावरील खेळ ऑनलाइन विकणाऱ्या नव्या दुकानाने आमच्या ट्रकच्या खेळाचा दुसरा भाग करार करून एक वर्षासाठी अडवून ठेवला आहे. निषेध म्हणून अधोस्वाक्षरीकार सदर दुकानाची पायरी चढणार नाही. नोंद घ्यावी. र. वि. तिरोडकर, ए-४०३.'

आमच्या इमारतीत ट्रकचा खेळ माहीत असलेली माणसं तिरोडकरकाका धरून जेमतेम चार असतील. सेक्रेटरींना वाटलं, सीवूड्स स्टेशनवरच्या मॉलमधलं एखादं दुकान असेल. दोन बायकांनी तर मला लिफ्टमध्ये विचारलं, तिथला सेल बंद झाला का गं? मी दमलेली होते. हो म्हणाले आणि घरी गेले.

मी दमलेलीच असते. ऐरोलीच्या एका कंपनीत मी हेल्प डेस्कवर बसते. दिवसभर लोकांना 'एकदा बंद करून चालू करा' असं सांगते आणि विसरलेले पासवर्ड पुन्हा काढून देते. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले की सोसायटीतले लोक तेच काम घेऊन गेटवर उभे असतात. त्यात पहिला नंबर तिरोडकरकाकांचा.

काका उरणकडच्या एका कंटेनर यार्डात एकतीस वर्षं गेट क्लार्क होते. गाडी आली की नंबर लिहायचा, गेली की वेळ लिहायची. निवृत्त झाले तरी रजिस्टर सुटलं नाही. घरी गॅस सिलिंडर आला तरी नोंद, पाहुणा आला तरी नोंद. मी त्यांच्या दारात उभी राहिले की आधी घड्याळ बघतात, मग म्हणतात, "ये गो सुजाता. सहा वाजून बारा. नोंद आहे."

दुसरं वेड निष्ठेचं. न्हावी एकच, आणि तोही वाशीत, कारण पहिल्यांदा नवी मुंबईत आले तेव्हा केस तिथे कापले होते. मासळी फक्त दिवाळे गावच्या हिराबाईकडून. एकदा मीही सोबत होते. हिराबाईच्या टोपलीत नुसती बांगड्याची चार शेपटं, आणि शेजारणीकडे ताजं पापलेट चमकत होतं. हिराबाई स्वतः म्हणाली, "काका, माज्याकं आज पापलेट नाय, तिच्याकं हाय. घे ना जा, मी काय रागावनार नाय." काकांनी चार बांगडे घेतले. रिक्षात मला म्हणाले, "माणसाने एक गेट धरावं."

अशा माणसाला दोन दुकानांच्या भांडणात सापडायचं होतं, हे नशीबच म्हणायचं.

त्याचं असं झालं. बी विंगमध्ये मुकादमचाचा राहतात. मूळचे श्रीवर्धनकडचे, त्याच यार्डात तीस वर्षं ट्रेलर चालवला. दोघांनी एकाच वर्षी, एकाच सोसायटीत फ्लॅट घेतले. चाचा काकांना 'गेटमास्तर' म्हणतात. आता यातली गंमत अशी की हजारो गाड्या आत-बाहेर सोडणाऱ्या तिरोडकरकाकांना स्वतःला गाडी येत नाही. सायकलसुद्धा नाही. निवृत्तीनंतर चाचांनी ट्रकचा खेळ शोधून काढला, स्टिअरिंग आणि पेडल मागवली आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी काकांना गाडी चालवायला शिकवली. जोडणी अर्थातच मी करून दिली, दोन्ही घरी.

रोज पाच वाजता दोघं आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसायचे, फोन स्पीकरवर ठेवायचे आणि एकामागोमाग एक ट्रक काढायचे. एकत्र का नाही बसत, असं मी विचारलं होतं. "एका गाडीला दोन ड्रायव्हर नसतात," असं उत्तर मिळालं. पुढे नेहमी चाचा, मागे काका. काकांनी कधीच ओव्हरटेक केलं नाही. समोरचे लाल दिवे धरून ते अख्खा युरोप फिरून आले. जिन्यातून जाताना मला ऐकू यायचं, "क्लच सोड रे, हळू, बकरी चढवतोयस का गाडीत?" आणि इकडून काका, "सोडला. पाच वाजून वीस. नोंद आहे."

मग खेळाचा दुसरा भाग आला. दोघांचे खेळ आधीच्या, जुन्या ऑनलाइन दुकानातले, तिथेच खाती, तिथेच मित्रांची यादी. दुसरा भाग मात्र नव्या दुकानाने खेळ बनवणाऱ्यांशी करार करून एक वर्ष फक्त स्वतःकडे ठेवला. हवा असेल तर या आमच्याकडे, नाहीतर बसा वर्षभर. नवं दुकान गिऱ्हाईक ओढायला दर आठवड्याला एक खेळ फुकटही देतं. स्पर्धा गिऱ्हाइकाच्या भल्याची असते असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. माझ्या वाट्याला स्पर्धेतून फक्त आणखी पासवर्ड आले.

काका खवळले. "उद्या दिवाळ्याचं सगळं पापलेट एकाच टोपलीत कोंबलं आणि सांगितलं वर्षभर इथूनच घ्या, तर चालेल? फुकट देतो म्हणे! फुकट देणारा गेटच्या आत शिरायला बघतो, माका ठाऊक हा." त्यांनी ठरवलं, वर्षभर थांबायचं. जुन्या दुकानात येईल तेव्हा घेऊ. दोघांच्या वतीने ठरवलं, आणि दोघांच्या वतीने तो कागद बोर्डावर लावला.

चौथ्या दिवशी मुकादमचाचांनी नव्या दुकानात खातं उघडलं.

ही फितुरी काकांना कळली ती जुन्या दुकानातल्या मित्रांच्या यादीतून. तिथे चाचांचं नाव पाच वाजता उजळायचं, ते उजळेना. काकांनी फोन केला. चाचा म्हणाले, "घेतला रे मी. तू पण ये ना, यार." काकांनी फोन ठेवला. पस्तीस वर्षांची दोस्ती त्या दिवशी एका करारावर मोडली. तो करार करणाऱ्यांना सीवूड्स कुठे आहे हेही माहीत नसेल.

मग आमच्या सोसायटीत दोन म्हातारे एकमेकांना टाळू लागले. काका सकाळी सहाला फिरायला जायचे, ते सहा वीसला जाऊ लागले. चाचा लिफ्टजवळ दिसले की काका जिन्याने चढायचे, चार मजले, गुडघे धरून. मला दोघांचा वैताग आला होता. आधीच घरी स्वयंपाक, वर ऑफिस, आणि वर या दोघांचं हे आंतरराष्ट्रीय राजकारण.

दोन-अडीच महिने झाले असतील. काकांचा फोन आला, कॉम्प्युटर गरम होतोय. मी लवकर सुटले होते, साडेपाचला गेले. स्क्रीनवर जुनाच खेळ चालू होता. काकांचा ट्रक एका डेपोच्या गेटशी उभा, इंजिन चालू, चारी दिवे लुकलुकताहेत. मी पंखा साफ केला, धूळ काढली, पाणी प्यायले. ट्रक तिथेच.

"काका, गाडी अडकली आहे का?"

"नाही."

"मग जात का नाही पुढे?"

"पुढची गाडी आली नाही," काका म्हणाले.

टेबलावर रजिस्टर उघडं होतं. रोजच्या तारखेपुढे एकच ओळ होती: 'पाच वाजता गेटवर हजर. सात वाजता परत.' पानंच्या पानं तेच. माणसाचा राग इतका शिस्तीत असू शकतो हे मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात रविवारी मुकादमचाचांनी बोलावलं. नवा खेळ त्यांच्या स्क्रीनवर चालू होता. "बेटा, हे बाजूचे आरसे अजून मोठे होतात का बघ ना. आणि अजून मध्ये आण."

मी आरसे मधोमध आणले. चाचा खुर्ची पुढे ओढून बघत होते. चहाचा कप त्यांच्या उजव्या हाताशी होता आणि ते डावीकडे चाचपडत होते. माझ्या लक्षात आलं तेव्हा ते हसले.

"काचबिंदू. समोरचं सगळं दिसतं, बाजूचं जातंय. डॉक्टर बोलला, गेलेलं परत येनार नाही, उरलंय ते थेंब घालून टिकवा. जुन्या खेळात आरसे कडेला असतात ना, मला दिसायचेच नाहीत. दोन वेळा मागे घेताना गेटमास्तरला ठोकलं मी. त्याला वाटलं, त्याचीच चूक." त्यांनी कप शोधला. "ह्यात आरसे मध्ये येतात. मी वर्षभर थांबून काय करू? वर्षाने किती दिसेल, कोन सांगनार?"

"मग काकांना सांगा की!"

"नाही हां. तू पण नाही सांगायचं. तीस वर्षं मी त्याच्या पुढे गाडी चालवली. आता तो माझा हात धरून जिना उतरवेल. नको मला ते."

मी कबूल केलं. आणि शब्द पाळलाही असता. पण मंगळवारी ऑफिसातून येताना काका गेटवर भेटले आणि बी विंगकडे बघत म्हणाले, "दर आठवड्याला एक फुकट खेळ मिळतो ना, त्यावर विकला गेला मेला." मी दिवसभरात चव्वेचाळीस पासवर्ड काढून दिले होते. माझ्यात गुपित सांभाळायची ताकद उरली नव्हती. पिशवी खाली ठेवून मी त्यांना तिथेच सगळं सांगून टाकलं. डोळा, आरसे, कप, सगळं.

काकांनी विचारलं, "आरसे मधोमध येतात?"

"येतात."

"आणि आपल्या दुकानातल्या खेळात?"

"नाही येत."

"वर्ष संपायला अजून नऊ महिने आहेत," ते म्हणाले, आणि वर निघून गेले. त्या दिवशी मी कधी आले याची नोंद झाली नाही.

दुसऱ्या दिवशी बोर्डावरचा कागद गेला होता. चारी टाचण्या मात्र ओळीने बोर्डावरच टोचून ठेवलेल्या. शनिवारी पाचला काकांनी मला बोलावलं. नव्या दुकानात खातं उघडायचं होतं. नाव टाकलं तर ते आधीच कोणीतरी घेतलेलं. "माझं नाव दुसऱ्याने कसं घेतलं? गेटवर कोण बसलाय तिथे?" शेवटी नावापुढे यार्डातला आपला बिल्ला नंबर लावला. आत शिरताच दुकानाने स्वागत म्हणून एक फुकट खेळ पुढे केला. काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. "फुकट काही नको. आम्ही गाडीसाठी आलोय." मग मला म्हणाले, "हे त्यांना लिहून कळव." मी कळवलं असं सांगितलं.

दुसरा भाग विकत घेऊन चालू केला आणि चाचांच्या नावाला मैत्रीची विनंती पाठवली. मी हात मागे घेतला नाही तोच ती मंजूर झाली, आणि लगेच काकांचा फोन वाजला. काकांनी तो स्पीकरवर टाकला. थोडा वेळ दोन्हीकडून नुसती इंजिनं ऐकू येत होती.

"आलास का गेटमास्तर?"

"आलो. पाच वाजून बेचाळीस."

"चल, माझ्या मागे लाग."

"नाही," काका म्हणाले. "आज मी पुढे."

"तू? तुला रस्ता तरी माहीत आहे काय?"

"नाही माहीत. या दुकानात नवीन माणसाने पुढे राहायचं असा नियम आहे."

मी काकांकडे बघितलं. असा कुठलाही नियम नाही. फोनवर चाचांनी घसा खाकरला. "सुजाता आहे का रे तिथे?"

"नाही," काका म्हणाले. मी त्यांच्या खुर्चीमागेच उभी होते.

"बरं," चाचा म्हणाले. "मग चल. रस्ता मी सांगतो, तू बघ."

काकांनी क्लच सोडला. जन्मात कोणाच्या पुढे गाडी न काढलेला तो माणूस कपाळाचा घाम पुसत, ताशी तीसच्या वेगाने गेटबाहेर पडला. मागून इतर गाड्या हॉर्न देत होत्या. चाचा सांगत होते, डावीकडे घे, आता सरळ, इंडिकेटर दे रे, विसरलास. मला घरी जाऊन कुकर लावायचा होता, तरी पाय निघेना.

प्रत्येक वळणाआधी काका वेग आणखी कमी करायचे आणि फोनकडे तोंड नेऊन विचारायचे, "मुकादम, माझे मागचे दिवे दिसतात ना?"

"दिसतात रे," चाचा म्हणायचे. "तू चल."