हकीकत केळपावाची व साखरेच्या पाडावाची

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. जिच्या कृपेने चूल पेटते, दूध उतू जाण्याआधी आठवते आणि पाव मधोमध फुगतो, त्या देवीस साष्टांग नमस्कार करोन हा मजकूर लिहिला असे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी एका राज्यात जो प्रकार जाहला तो कानगोष्टींवरून नव्हे, डोळियांनी पाहोन आणि काप खाऊन लिहितो. लिहिणाराचे नाव पुसो नये, राज्याचेही नाव पुसो नये. ज्यास हे खोटे वाटेल त्याने आपले घरी बसोन खुशाल खोटे मानावे, आमची हरकत नाही.

राज्य लहान, परंतु बंदोबस्त मोठा. पूर्वेस जिना, पश्चिमेस गॅलरी, दक्षिणेस शेजारियांचे परराज्य, उत्तरेस मोरी, ऐसी चतुःसीमा. गादीवर श्रीमंत हैबतराव महाराज. चाकरीतून निवृत्त जाहले, परंतु बाणा करडा आणि बोलणे मोजके, इतके मोजके की आठवडियाचे सहा दिवस 'हं' आणि 'बघू' या दोन शब्दांवर राज्य चाले. राणी इंदुमतीबाईसाहेब मनाच्या मऊ, हाताच्या सढळ, आणि हट्टास पेटल्या म्हणजे ब्रह्मदेवाचे बापाचे ऐकणार नाहीत. देवघराचा कारभार महाराजांच्या आत्या भागूबाईसाहेब यांजकडे, वय ऐंशीपार, दात थोडके, हुकूम पुष्कळ. युवराज कामानिमित्त परमुलुखी, आणि सूनबाई केतकीबाई घरीच, हुशार, मोबाइलवर साऱ्या दुनियेचे स्वयंपाक पाहणाऱ्या. आता या राज्याचा रिवाज ऐसा की दर आदित्यवारी चार वाजता चहाचा दरबार भरावा, आणि राणीसाहेबांनी विजेच्या भट्टीत बनाना ब्रेड, म्हणजे आपले जबानीत केळपाव, भाजोन आणावा, आणि पहिला काप भागूबाईसाहेबांनी देवास दाखवावा, आणि मग महाराजांनी खावा. काप पोटात गेला म्हणजे महाराजांची जीभ सैल होई. मग चाकरीतल्या गमती सांगत, लहानपणी विहिरीत कसे ढकलिले ते सांगत, राणीसाहेबांच्या गुडघ्याची खबर पुसत. त्या एका घटकेच्या बळावर राणीसाहेब उरलेले सहा दिवस काढीत. हे साऱ्या राज्यास ठाऊक होते, महाराज सोडोन.

पाव म्हणाल तर नामांकित. मैदा दोन वाट्या, साखर दीड वाटी, लोणी अर्धी वाटी, दही, सोडा आणि केळी. अंडियास देवघराचे कायद्याने हद्दपारी होती. आणिकही दोन कायदे भागूबाईसाहेबांचे होते आणि ते दगडावरची रेघ. एक, नैवेद्याचा जिन्नस आधी कोणी चाखो नये, बोटास लागला तरी बोट धुवावे. दुसरा, देवाचे वस्तूत डागाळले फळ पडो नये. म्हणोन पावास केळी घ्यावी ती पिवळी, कडक, नवरदेवासारखी तकतकीत, आणि डाग पडिला की तेच केळे गॅलरीतल्या टोपलीत टाकोन गाईस घालावे. ऐसे वर्षानुवर्षे चालिले आणि कोणाचे काही बिघडले नाही, गाय तर फारच संतुष्ट होती.

तों कार्तिकाचे अखेरीस राजवैद्य निमोणकर आले, आणि महाराजांचे बोट टोचोन रक्त पाहिले, आणि चष्मा पुसोन पुन्हा पाहिले, आणि म्हणाले, "महाराज, साखरेनं आपल्या रक्तात तळ ठोकलाय. केळपाव आजपासून बंद. बंद म्हणजे बंद. 'एवढासा' हा शब्दसुद्धा बंद." महाराजांस राग आला, परंतु वैद्यावर राग काढणे म्हणजे आरशावर काढणे, हे जाणोन तो राग पाटास, पाण्यास आणि राणीसाहेबांस वाटोन दिला. आदित्यवार आला तेव्हा म्हणाले, "पाव नाही तर दरबार कशाला? माझा चहा गॅलरीत पाठवा." आणि गॅलरीत जाऊन दार लावोन घेतले. पुढील आदित्यवारीही तेच. मग हुकूम फर्माविला की ते भट्टीचे यंत्र माळ्यावर टाकावे, उगाच ओटा अडवतं. तेव्हा राणीसाहेबांनी पदर खोचिला आणि म्हणाल्या, "अहो, मार्गशीर्ष संपेपर्यंत थांबा. तुम्हाला चालेल असा पाव करून दाखवते. नाही जमला तर मी माझ्या हातांनी यंत्र माळ्यावर चढवीन." महाराज म्हणाले, "बघू." या राज्यात बघू म्हणजे परवानगी. मग मुदपाकखान्यात येऊन राणीसाहेब सूनबाईंजवळ बोलिल्या, "साखरेची भीती मला आहेच गं केतकी. पण हा माणूस त्या दाराआड बसून बसून एक दिवस कायमचा गप्प होईल, त्याची जास्त आहे." आणि डोळे पुसोन कणकेचा डबा काढिला.

पहिली मोहीम ऐसी. मैदा बरखास्त केला आणि कणीक आणिली, लोणियाचे जागी थोडके तेल घातले, आणि साखर निम्मी केली. मग राणीसाहेब फोनवर गेल्या. इतक्यात भागूबाईसाहेब हळूच आल्या, आणि मनात म्हणाल्या की माझा हैबू लहानपणापासोन अशक्त, त्याचे जिवास अपाय नको, आणि भांडियातली दिसेल तितकी साखर चमच्याने काढोन परत डब्यात घातली. त्या गेल्या तों केतकीबाई आल्या, मामंजींच्या काळजीने व्याकुळ, आणि उरलीसुरली काढिली, आणि तेलही उपसोन घेतले. कोणी कोणास बोलिले नाही. आणि चाखावे तर कायदा आड. तेव्हा साऱ्यांनी भरवशाने पाव भट्टीत घातला, देवास दाखविला, आणि गॅलरीत पाठविला. महाराजांनी एक घास चावला. चावला म्हणजे चावण्याचा यत्न केला. मग दार किलकिले करोन बशी बाहेर ठेविली आणि म्हणाले, "पाव आहे की पाटा? यावर चटणी वाटा." आणि दार पुन्हा लागले. राणीसाहेबांचे तोंडचे पाणी पळाले. आम्हीही एक तुकडा घेतला होता, तो अद्याप खिडकीस अडसर म्हणोन लाविला आहे.

आता दुसरे मोहिमेची कथा पहिलीहून वाईट, कारण ती गोड आहे. राणीसाहेबांनी ठरविले की साखर नको तर थोडका गूळ घालावा, आणि सुपारीएवढा घातला. भागूबाईसाहेबांस मागील पाप टोचत होते, म्हणोन राणीसाहेबांची पाठ वळताच त्यांनी नैवेद्याचे डब्यातला गुळाचा खडा किसोन घातला. केतकीबाईंसही तेच टोचत होते, त्यांनी खजूर वाटोन घातला आणि वर मधाची धार धरिली. पुन्हा कोणी बोलिले नाही, पुन्हा कोणी चाखिले नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते म्हणतात ते हेच. पाव जो निघाला तो काय वर्णावा! महाराजांनी एक काप खाल्ला, दुसरा मागविला, तिसरा मागितला, आणि गॅलरीचे दार चार बोटे उघडे राहिले. राणीसाहेबांस आकाश ठेंगणे जाहले. परंतु प्रातःकाळी निमोणकर आले, बोट टोचिले, आणि खुर्चीत बसले ते पाणी मागोनच. म्हणाले, "राणीसाहेब, हा पथ्याचा पाव? यापेक्षा पूर्वीचा बरा होता! माणूस हवा आहे ना तुम्हाला?" इतके बोलोन वैद्य निघोन गेले, आणि महाराजांनी पुन्हा गॅलरीत जाऊन दार लाविले. वैद्याचे शब्द वर्मी लागले. राणीसाहेब म्हणाल्या, "मी तर सुपारीएवढा गूळ घातला होता." तेव्हा भागूबाईसाहेब म्हणाल्या, "थोडासा मी किसला गं." आणि केतकीबाई खाली पाहोन म्हणाल्या, "आई, खजूर माझा. मधसुद्धा." आणि मागल्या मोहिमेची साखरही बाहेर आली. राणीसाहेब संतापल्या, म्हणाल्या, "एक ना धड भाराभर चिंध्या! त्यांच्या काळजीनं तुम्ही त्यांना मारायला निघालात, आणि मी आंधळी हातात डाव घेऊन उभी." आणि हाताने तोंड झाकोन रडल्या. मग उठल्या, शब्दाच्या पक्क्या, यंत्र माळ्यावर चढवावे म्हणोन स्टूल आणावयास गॅलरीत गेल्या.

येथे दैवाने कूस पालटली. मार्गशीर्षातले गुरुवार चालिले होते, आणि हळदीकुंकवास जावे तेथे ओटीत केळे पडावे ऐसा रिवाज, तेव्हा साऱ्या परराज्यांतून केळियांची आवक जाहली होती, आणि पहिल्या गुरुवारची केळी काळी पडोन गाईचे टोपलीत निजली होती. राणीसाहेबांनी दार उघडिले तों काय पाहतात! महाराज टोपलीशेजारी उकिडवे बसले आहेत, हातात काळे केळे, गाल फुगलेले. कोणी काही पुसिले नाही तरी स्वतःच म्हणाले, "मी काही खाल्लेलं नाही." चोराच्या मनात चांदणे. राणीसाहेबांनी ते अर्धे केळे हातातून काढोन घेतले, फेकणार होत्या, परंतु काय मनात आले कोण जाणे, तोंडात घातले. इतके गोड, की साखरेने लाजोन डब्यात बसावे. तेव्हा त्यांचे ध्यानी आले की आजवर पिवळी कच्चट केळी पावात घातली, त्यांस गोडी नाही म्हणोन दीड वाटी साखर ओतिली, आणि गोडी होती ती नेमाने गाईस घातली. काखेत कळसा आणि गावास वळसा! स्टूल तेथेच टाकोन टोपली उचलिली आणि मुदपाकखान्यात आल्या. केतकीबाईंनी तत्काळ निमोणकरांस फोन लाविला. वैद्य म्हणाले, "केळ्यातही साखर असतेच, हे विसरू नका. पण कणीक, नाचणी, भरपूर अक्रोड, वरून कणभर साखर नाही, आणि एकच पातळ काप, मग अर्धा तास चालणं. एवढं पाळलंत तर मी बोलणार नाही." वैद्य न बोलणे म्हणजे अर्धी फत्तेच.

अखेरचा आदित्यवार उजाडला. राणीसाहेबांनी चार काळी केळी कुस्करिली, दही घोटिले, कणीक आणि थोडके नाचणीचे पीठ चाळिले, तेल चमचाभर, सोडा, वेलदोडा, आणि वर अक्रोडाची खैरात. आणि मग साऱ्यांदेखत बोट बुडवोन चाखिले. भागूबाईसाहेब किंचाळल्या, "अगं, नैवेद्य उष्टा केलास! आणि डागाळलेली केळी? माझ्या जिवंतपणी हे देवापुढे जायचं नाही!" राणीसाहेब डाव हातात घेऊन ओटियापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आत्याबाई, न चाखता दोनदा केलं आणि दोनदा माणूस दाराआड गेला. आज मी चाखणार, आणि आज या भांड्याला कोणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही." भागूबाईसाहेबांनी राणीसाहेबांकडे पाहिले, मग बंद दाराकडे पाहिले. मग म्हणाल्या, "मग हा नैवेद्यच नव्हे. हा तुझ्या नवऱ्याचा खाऊ. देवाला मी खडीसाखर दाखवते. त्याला कुठे मधुमेह आहे?" आणि देवघरात जाऊन घंटा वाजविली, नेहमीपेक्षा जोराने. या निवाड्याहून मोठा निवाडा आम्ही कोणत्याही राज्यात ऐकिला नाही.

चार वाजता भट्टी उघडिली. पाव रंगाने काळसर, मधोमध फुगोन तडकलेला, आणि वास ऐसा की शेजारियांचे परराज्यातून वकील येऊन गेले, काय केलंत हो म्हणोन. राणीसाहेबांनी गॅलरीत बशी पाठविली नाही. मेजावर एक काप ठेविला, चहा ओतिला, आणि नेहमीप्रमाणे किटली घेऊन उभ्या राहिल्या. कोणी हाक मारिली नाही. तों दाराची कडी वाजली आणि खासा महाराज बाहेर आले, खुर्ची ओढिली, बसले, आणि एक घास खाल्ला. चावोन चावोन खाल्ला. म्हणाले, "यात साखर किती?" राणीसाहेब म्हणाल्या, "अजिबात नाही." महाराज म्हणाले, "मग इतकी वर्षं कशाला घालत होतो?" मग त्यांनी सुरी उचलिली, आणि आपले हक्काचा तो एकच पातळ काप, जो पथ्याने मोजोन दिला होता, त्यातला उरलेला भाग बरोबर मधोमध कापिला, आणि अर्धा बशीत घालोन पलीकडील खुर्चीपुढे सरकविला. त्या खुर्चीवर दरबाराचे वेळी आजवर कोणी बसले नव्हते, कारण राणीसाहेब सदा उभ्या. राणीसाहेब म्हणाल्या, "अहो, तुमचा एवढासाच आहे." तेव्हा महाराज दरबारी बोलणे सारे विसरोन म्हणाले, "अगं, बस की जरा. पावासाठी थोडाच येत होतो मी इथे."

राणीसाहेब बसल्या. मग विहिरीची गोष्ट निघाली, मग गुडघ्याची, मग आणिक कशाकशाची, आणि चहा निवाला तरी दरबार उठला नाही. शेवटी वैद्याची आज्ञा स्मरोन दोघे चालावयास म्हणोन जिना उतरोन गेले, ते बऱ्याच वेळाने आले. प्रातःकाळी निमोणकरांनी बोट टोचिले, आणि आकडा पाहोन, कबूल केल्याप्रमाणे, काही बोलिले नाहीत.

येणेप्रमाणे साखरेचा पाडाव जाहला आणि केळपाव कायम जाहला. गाय चार दिवस जिन्याखाली उभी राहोन हंबरली, तिची समजूत कणकेच्या गोळ्याने काढिली. भागूबाईसाहेबांचे दोन्ही कायदे देवघरात पूर्ववत चालू आहेत, मुदपाकखान्यात नाहीत. स्टूल अखेर कामी आले आणि माळ्यावर एक वस्तू गेली खरी, परंतु ती भट्टी नव्हे, साखरेचा मोठा डबा. तो राणीसाहेबांनी शब्द दिल्याप्रमाणे आपले हातांनी चढविला, आणि खालोन स्टूल महाराजांनी धरिले होते.