कुलूप आज हाय

लग्नात आहेर देऊन झाला की लोक नवरा-नवरीला काय म्हणतात? सुखात राहा, झालं. आमचे मन्मथअप्पा स्टेजवर चढतात आणि नवरदेवाला विचारतात, "किती लेकरांचा विचार हाय?"

खरंच विचारतात! आमच्या ऑफिसचे ड्रायव्हर सलीमभाई, त्यांच्या पोरीच्या लग्नात मी शेजारीच उभी होते. नवरदेव सेहऱ्यातून बघतच राहिला. सलीमभाई धावत आले, "अप्पा, पहले निकाह तो होने दो!"

"होऊ दे की. पण जावई लातुरात राहणार का बाहेर? तीस वर्षांनंतरचं सांग."

हे "तीस वर्षांनंतरचं सांग" म्हणजे अप्पांचा श्वास. त्याला कारण आहे. आमच्या ऑफिसात पाणीयोजनांचे आराखडे बनतात. एका धरणातून पाइपलाइन काढायची आणि पार निलंग्याकडच्या गावांपर्यंत तीस वर्षं पुरेल असं पाणी वाटून द्यायचं. पाइप एकदा जमिनीत गाडला की वस्ती वाढली म्हणून उकरून मोठा करता येत नाही ना! म्हणून अजून पोटातही नसलेल्या लेकरांचं पाणीही आजच धरायचं. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले अप्पा हे वाटप बसवतात आणि मी त्यांच्या हाताखाली. मी नांदेडची, म्हणून मला नावानं हाक नाहीच. "ए गोदावरी, नळ बंद कर. हे तुझं नांदेड न्हाई."

वाटपाआधी अप्पा नदीचा वाटा बाजूला काढतात. धरणाखाली नदी थोडीतरी वाहती राहिली पाहिजे, तिच्या वाट्याला हात लावायचा नाही. एकदा एक सरपंच मोठी टाकी मागायला आले. "गाव लई वाढून राहिलं, अप्पा!"

"मग माणसं दाखव. नदीच्या तोंडातलं काढून तुला देऊ का?"

सरपंच चहा न पिता गेले. तो चहा अप्पांनी प्यायला. वाया कसा घालवायचा?

अप्पांच्या गल्लीत तर विचारूच नका. लातुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाण्याचा दिवस म्हणजे सणच. ड्रम, कळश्या, बादल्या, जे सापडेल ते भरायचं. आणि नवं पाणी आलं की बायका माठातलं उरलेलं पाणी शिळं झालं म्हणून मोरीत ओततात. की अप्पा बनियनवर बाहेर!

"शिळं? पाणी काय भाकर हाय का? धरणात वर्षभर पडलेलं चालतं, अन् माठात चार दिवस राहिलं की शिळं?"

शेजारच्या काकू आता अप्पा देवळात गेल्यावर माठ ओततात.

तर असा हा कडक माणूस. म्हणून परवाचं मला अजून खरं वाटत नाही.

निलंग्याकडं अप्पांचं गाव आहे. तिथली वस्ती मोजायला आम्ही जीपनं गेलो. निम्म्या गावाला कुलूप. कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला. अप्पा पहिल्या कुलपासमोर उभे राहिले. "पाच माणसं. लिही."

"अप्पा, कुलूप हाय की."

"कुलूप आज हाय. तीस वर्षांनंतरचं सांग."

मग पुढचं कुलूप, त्याच्या पुढचं. अप्पा नावं घेत गेले, मी लिहीत गेले. शेवटच्या दाराशी बेलाचं झाड वाढलेलं, पायरीवर पाला. "हे आमचं."

"पण तुम्ही तर लातूरला राहता!"

"माझं कोण म्हणलं? शिवाचं लिही. तो, सूनबाई, दोन लेकरं." शिवा म्हणजे अप्पांचा मुलगा. बेंगळुरूला असतो. तिथं फ्लॅट घेतलाय, हे अख्ख्या ऑफिसला माहीत आहे.

सलीमभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी लिहिलं.

ऑफिसात आमच्या वरिष्ठ मॅडमनी आकडे बघितले. "अप्पा, बंद घरं का धरली? एवढी मोठी टाकी कशाला?"

"येतात की माणसं. दिवाळीला सगळी येतात."

"दिवाळीला येतात ते पाहुणे, अप्पा." मॅडम हळूच बोलल्या. "आणि बाकीच्या गावांचं बसलंय. हे जास्तीचं आणायचं कुठून? नदीच्या वाट्यातूनच घ्यावं लागेल. तुम्ही सांगा, घेऊ?"

मला वाटलं, आता अप्पा भांडणार. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याकडं वळले. "गोदावरी, बंद घरं काढ."

"सगळी?"

"सगळी म्हणजे सगळी. आमचं पण."

दुसऱ्या दिवशी अप्पा आले नाहीत. त्यांच्या गल्लीत पाण्याचा दिवस होता. मॅडमनी नवे आकडे सहीसाठी माझ्याकडं दिले. अप्पांच्या घरी गेले तर खाली कुणी नाही, वरून घासल्याचा आवाज. जिना चढले. शिवाची खोली. पलंगावर स्वच्छ चादर, कोपऱ्यात माठ, आणि अप्पा नारळाच्या काथ्यानं तो आतून घासत होते. बाजूला बादली पाण्यानं भरलेली.

"अप्पा! चांगलं पाणी ओतून दिलं? तुम्ही?"

चोरी पकडली गेल्यासारखं अप्पांनी बघितलं. "ओतलं कुठं? बादलीत हाय. खालच्या लिंबाला घालतो."

"पण वर तर कुणी राहत नाही."

"दर पाण्याला बदलतो," अप्पा म्हणाले. "अचानक आली तर लेकरांना शिळं पाजू का?"

मी कागद पलंगावर ठेवले, खालून ताज्या पाण्याची कळशी आणली आणि माठात ओतली. अप्पांनी वर झाकण ठेवलं, त्यावर पेला उपडा घातला. मग हात पुसून सही केली. एकही आकडा न तपासता!

मी निघाले तर अप्पा म्हणाले, "ए गोदावरी, नांदेडला कधी गेली होतीस?"

"झाले की बरेच दिवस."

"जाऊन ये. माय पाणी भरून ठेवत असंल."

"अप्पा, आमच्याकडं गोदावरी हाय. भरून ठेवायची गरज पडत नाही."

अप्पांनी लिंबासाठी बादली उचलली.

"तरी ठेवत असंल," म्हणाले.