मिटल्या डोळ्यांचं नेट

हरेश्वरने ठरवलं, दुपारी झोपायचं. एवढंच. त्यापायी सगळी चाळ गॅलरीत उभी राहिली.

संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली. साचेखात्यात बारा वर्षं मागांच्या खडखडाटात कापड विणलेल्या माणसाला लालबागच्या शांत दुपारी झोप कशी यावी? (लालबाग शांत, असं फक्त हरेश्वरच म्हणे.) महिन्यापूर्वी त्याला मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला. तासन् तास नुसते गिरणीतले साचे चाललेले. फोन उशीखाली गेला की खोली हळूहळू हले. कापसाचे तंतू हवेत तरंगत. दोरा ओढत धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि हरेश्वर त्या दोऱ्यावरून चालत कुठल्या कुठे जाई.

मजल्यावर दहा बिऱ्हाडांत एकच वायफाय. प्रमुख हरेश्वर. (कुणी नेमला नव्हता. रागीट असल्याने आपोआप झाला.) नियम त्याचाच : दुपारी सिनेमे बघायचे नाहीत, सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे. तरी हल्ली दुपारी नेट रांगे. हरेश्वर दारोदार चोर शोधी, आणि दमून येऊन झोपे.

त्या दिवशी चारला कौसल्येने त्याला गदागदा हलवलं.

"अहो, उठा! माझ्या फोनवर तुळसाचा व्हिडिओ कॉल आलाय. बाळ दिसेना!"

मस्कतला लेक काल बाळंत झाली होती. पहिला नातू. साडेचारला डॉक्टर यायचे, तोवरच वेळ. पडद्यावर नुसते चौकोन. बाळ की भोपळा, कळेना.

हरेश्वर लुंगी सावरत गॅलरीत आला. "बंद करा सगळे! माझा नातू अडकलाय!"

भराभर टीव्ही बंद झाले, फोन बंद झाले. दहाही दारांत माणसं आली. नातू अडकलेलाच.

चाळ इतकी गप्प कधी झाली नव्हती. त्या शांततेत, पाण्याखालून यावा तसा आवाज आला. खटक् खटक्. खटक् खटक्. शेजारचा कुशाबा, त्याच्याच खात्यातला, कठडा धरून उभा राहिला.

"हरेश्वर... साचे चालू झाले रे?"

क्षणभर साऱ्या गॅलरीला वाटलं, झालेही असतील.

"ते माझं आहे," हरेश्वर म्हणाला. "उशीखाली. झोपताना लावतो."

"रोज?" समोरच्या बकुळाने विचारलं. तिचं ऑफिसचं काम दुपारी घरूनच चाले.

"रोज. पण मी बघत नाही. डोळे मिटलेले असतात."

"काका, डोळे तुमचे मिटलेत. मोबाईल टक्क जागा आहे! सगळ्यांचं नेट तो एकटा पितोय."

तिने आत जाऊन उशीखालचा फोन बंद केला. कौसल्येच्या हातातल्या फोनवर बाळ लख्ख उजळलं, जांभई देताना.

हरेश्वरने हात पुढे केला. कुशाबाने तो अडवला.

"थांब. महिनाभर आमच्या वाटचं खाल्लंस. आता सगळ्यांना सारखं."

फोन दारोदार फिरला. कुणी टाळू पाहिली, कुणी खळी. नाक कुणाचं, यावर दोन घरांत भांडण झालं. चार एकोणतीसला फोन हरेश्वरकडे आला. नेमकं तेव्हा नर्सने बाळाला पालथं घालून लंगोट सोडला होता. पडदाभर गुलाबी ढुंगण, अगदी स्वच्छ.

कॉल संपला.

"कुणावर गेलाय हो?" कौसल्येने आतून विचारलं.

हरेश्वरच्या खांद्यावरून कुशाबाने पाहिलं होतं.

"ह्याच्यावरच, वहिनी," तो म्हणाला. "हुबेहूब हाच चेहरा."