मेनू नसलेलं टेबल

"आता एक पाऊलही पुढे टाकणार नाही," असं बायकोनं जाहीर केलं, तसे हेडक्लार्क समोर दिसलेल्या पहिल्याच काचेच्या दारातून आत शिरले. मागोमाग बायको, तिच्यामागे मेहुणा.

हा मेहुणा मोठ्या शहरात राहायचा आणि दर खेपेला विचारायचा, "भावजी, तुमच्या शहरात बघण्यासारखं आहे काय हो?" यंदा उत्तर तयार होतं. भर शहरातली जुनी, पडीक गोदामं झाडूनपुसून तिथं झकपक दुकानं आली होती. भिंतींचा गिलावा खरवडून विटा मुद्दाम उघड्या ठेवल्या होत्या आणि पाट्या इतक्या नाजूक की कुठलं दुकान कशाचं, ते चष्मा लावूनही कळू नये. आज मेहुण्याचं तोंड बंद करायचंच, असा हेडक्लार्कांचा पण होता.

पिवळ्या दिव्याखाली एक देखणं टेबल रिकामं होतं. तिघं ऐसपैस बसले.

"मेनू कुठाय?" बायकोनं विचारलं.

"अशा ठिकाणी मेनू नसतो, ताई. आमच्याकडे तर वेटरही लवकर फिरकत नाही."

"इथंही फिरकत नाही," हेडक्लार्क अभिमानानं म्हणाले.

शेवटी एक मुलगी आली. "कसं वाटतंय बसून?"

"झकास! तीन कॉफी मिळतील?"

मुलगी घोटाळली आणि मालकाकडे गेली. मालकानं लांबून तिघांना न्याहाळलं, मान डोलावली. थोड्या वेळानं तीन तऱ्हांच्या तीन कपांत कॉफी आली. एकावर 'लाडके बाबा' असं लिहिलं होतं.

"याला म्हणतात स्टाइल," मेहुणा म्हणाला. हेडक्लार्कांची छाती फुगली.

काचेतून कॉफी दिसल्यावर रस्त्यावरची माणसंही आत येऊन बसू लागली. एक जोडपं झोपाळ्यावर बसलं. एका आजोबांनी तर कोपऱ्यातल्या पलंगावर पाय पसरून बिनसाखरेची मागितली.

कॉफीच्या दुकानात पलंग? हेडक्लार्कांनी खुर्चीखाली हात घातला. दोऱ्याला बांधलेली चिठ्ठी हाताला लागली. किंमत वाचली आणि कॉफी नाकात गेली.

तेवढ्यात मेहुणा उठला. "पैसे मी देणार!"

"अजिबात नाही!" हेडक्लार्कांनी त्याचा दंड धरला. आजवर असं ते नुसतं म्हणण्यापुरतं म्हणत. आज मात्र ते जिवाच्या आकांतानं ओढत होते. खरं सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर मेहुणा जातो.

मेहुणा सुटला. काउंटरवर "टेबल घेताय ना? उत्तम निवड!" म्हणत मालकानं त्याचा हात हातात घेतला. मेहुण्यानं वळून टेबलाकडे पाहिलं, झोपाळ्याकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं. मागे चार माणसं ऐकत उभी होती. त्यानं सावकाश पाकीट काढलं.

"टेबल उद्या घरी येईल, ताई," परत येऊन तो म्हणाला. आवाज जरा बारीक होता. "मघाशीच ठरवलं होतं, तुला भेट द्यायची. खुर्च्यांसकट."

"म्हणजे हे फर्निचरचं दुकान आहे, हे तुला ठाऊक होतं?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"मग! तुम्हाला नव्हतं?"

"वा! म्हणून तर इथं आणलं!"

दोघांनी एकमेकांची नजर चुकवली.

"मला तर बसतानाच चिठ्ठी टोचली," बायको म्हणाली.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"दोघं इतक्या रुबाबात बसला होतात, म्हटलं कशाला मोडता घालू?" तिनं पर्स खांद्याला लावली. "चला, आता जरा त्या सोफ्यावर बसू."