हात तुझे, पाय माझे

भाच्याच्या बढतीच्या जेवणात मास्तरांनी भर दुपारी तीन ग्लास बिअर रिचवली आणि मग त्यांना पूल आठवला. पुलावर हल्ली पोलीस दिवसाढवळ्या फुंकायची नळी घेऊन उभे असत. त्यामुळे गावातलं पिणं कमी झालं असं म्हणवत नाही, पण बायकोला आग्रहानं सोबत नेणारे नवरे मात्र भलतेच वाढले होते.

मास्तरांची गोची इथंच होती. ड्रायव्हिंग स्कूल काढून अर्ध्या गावाला गाडी शिकवली, पण बायकोला नाही. "तुला कशाला? मी आहे ना," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आता नळीनं घात केला, तर लायसन्स जाणार आणि स्कूलला कुलूप लागणार.

"टॅक्सी करू या का?" बाईंनी विचारलं.

"टपावर माझ्या स्कूलची पाटी आहे. ती गाडी इथं टाकून मी पोलिसांना भिऊन पळू? अजिबात नाही." मास्तर शिकवणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसले. "तू स्टिअरिंग धर. ब्रेक, क्लच माझ्याही पायाशी आहेत. हात तुझे, पाय माझे. शिकवणाऱ्यानं पिऊ नये असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? दाखवू देत मला."

बाईंनी वाद घातला नाही. सीट पुढे ओढली, आरसा नीट केला आणि गाडी अलगद रस्त्याला लागली. मास्तरांच्या पायांना अजून पेडल सापडायचं होतं.

"बघितलंस?" ते म्हणाले. "याला म्हणतात शिकवणं."

पुलावर हवालदारानं हात केला. बाईंनी नळी फुंकली, आकडा शून्य.

"लायसन्स?"

"शिकाऊ आहेत त्या," मास्तर छाती काढून मध्येच म्हणाले. "लायसन्स घरी राहिलंय. मी शिकवतोय. सगळी जबाबदारी माझी."

"असं होय?" हवालदार वळसा घालून त्यांच्या खिडकीशी आला. "ब्रेक तुमच्या पायाशी, जबाबदारी तुमची, म्हणजे गाडी तुमच्या ताब्यात. मग तुम्हीच फुंका."

मास्तरांची झिंग खाडकन उतरली. तेवढ्यात बाईंनी पर्स उघडून लायसन्स पुढे केलं. शिकाऊ नव्हे, पक्कं.

"हे कधी काढलंस?"

"दोन वर्षं झाली. तुमच्या समोरच्या स्कूलमध्ये शिकले. ते ओरडत नाहीत."

हवालदारानं लायसन्स उलटंपालटं करून पाहिलं. "नक्की काय, मास्तर? शिकवताय, की नुसते बसलाय?"

मागे हॉर्न वाजायला लागले. पहिल्याच गाडीत मास्तरांचे दोन विद्यार्थी माना बाहेर काढून बघत होते. मास्तरांनी एकदा नळीकडे पाहिलं, एकदा विद्यार्थ्यांकडे.

"नुसता बसलोय," ते पुटपुटले.

"म्हणजे?"

"म्हणजे... हिला गाडी येते."

बाईंनी शांतपणे इंजिन बंद केलं.

"जरा मोठ्यानं सांगा," त्या म्हणाल्या. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."