अंधाऱ्या खोलीतला कोरम

"या शहराचा पहिला नगराध्यक्ष मीच होणार!" चष्मेकाकांनी दाढी करता करता आरशाला सांगितलं. "आणि त्यासाठी मला काडीचंही काम करायचं नाहीये!"

"मग जमेल तुम्हाला," काकू आतून म्हणाल्या.

मुख्य रस्त्यावरचं चष्म्याचं दुकान काकांचं. काकू गल्ल्यावर बसत आणि काका मागच्या अंधाऱ्या खोलीत लोकांचे डोळे तपासत. त्यांचं गाव नुकतंच शहर झालं होतं. म्हणजे गाव तेच, खड्डेही तेच, पण सरकारदरबारी शहर! इतकी वर्षं ते शेजारच्या महानगराचं शेपूट होतं. महानगर आपला कचरा इकडे पाठवी आणि इकडचं पाणी तिकडे नेई. देवाणघेवाण अगदी चोख! शेवटी एक दिवस शेपूट चिडलं. मोर्चे निघाले, उपोषणं झाली, कलेक्टरसाहेबांच्या दारात लोक पथाऱ्या पसरून झोपले, आणि शेपटाने स्वतःला तोडून घेतलं. तोडलेलं शेपूट उभं राहून चालू लागल्याचं उदाहरण जगात दुसरं नसेल. त्या लोकांना माझा नमस्कार आहे!

आता काकांसकट सात नगरसेवक निवडून आले होते आणि त्यांनी आपल्यातून एक नगराध्यक्ष निवडायचा होता. आजच, संध्याकाळी पाचच्या आत. नाही निवडला, तर शहरावर प्रशासक येणार, आणि तो येणार महानगरातून! म्हणजे पुन्हा तेच शेपूट आणि तोच कुत्रा.

आणि काका तर सभेलाच जाणार नव्हते.

दचकू नका. या मंडळींची एक जुनी रीत होती. कुठल्याही समितीची सभा असो, जो गैरहजर असेल त्याच्या गळ्यात पद पडायचं. भांडण नाही, तंटा नाही. 'मला नको' म्हणायला माणूस तिथे नसतो, एवढ्या एका गुणावर तो एकमताने निवडून येई. एका गृहस्थांना तर वारल्यानंतर व्यायामशाळेचं कार्यवाह केलं होतं. बातमी उशिरा कळली, दुसरं काय! पण त्यांच्या कारकिर्दीत एकही तक्रार आली नाही, हे मान्य करावंच लागेल.

काकांचं दुःख असं, की त्यांनी आयुष्यात एकही सभा चुकवली नव्हती. त्यामुळे त्यांना एकही पद मिळालं नव्हतं. तीस वर्षं ते दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत आले होते. आता मात्र पहिल्या नगराध्यक्षाची तसबीर भिंतीवर लागणार होती, आणि ती आपलीच असावी एवढीच त्यांची इच्छा होती. वयाची साठी उलटल्यावर माणसाने एवढंही मागू नये?

"मी आतल्या खोलीत बसतो," ते काकूंना म्हणाले. "कुणी विचारलं तर परगावी गेलेत म्हणून सांग."

"कोणत्या गावी?"

"अगं, कोणत्याही!"

काकांनी सवयीने दारापाशी चपला काढल्या. आतल्या भिंगांवर धूळ नको म्हणून तसा नियमच होता. दार लावून ते तपासणीच्या खुर्चीत अंधारात बसले. मनातल्या मनात सत्काराच्या भाषणाला सुरुवात केली. 'मी तर आज गावातही नव्हतो...' असा विनम्र आरंभ त्यांना सुचला होता.

तेवढ्यात बाहेर आवाज आला.

"काकू, काका आहेत?" सलूनवाला. हाही नगरसेवक.

"परगावी गेलेत."

"बरं झालं! म्हणजे आतली खोली रिकामी असेल. काकू, मला संध्याकाळपर्यंत तिथे बसू द्या ना. दुकानात बसलो तर लोक धरून सभेला नेतील."

काकू मोठ्या पेचात पडल्या. खोली रिकामी नाही म्हणावं तर नवरा उघडा पडतो! "बस की बाबा," त्या म्हणाल्या. "घरचीच खोली आहे."

दार उघडलं, मिटलं, आणि अंधारात चाचपडत सलूनवाला खुर्चीत बसला. म्हणजे काकांच्या मांडीवर!

"आई गं! खुर्ची हलली!"

"खुर्ची नाही रे, मी आहे!"

"काका? तुम्ही परगावी ना?"

"आणि तू सभेला ना?"

सलूनवाला चाचपडत स्टुलावर सरकला. अंधारात माणसाचा चेहरा दिसत नाही, हा अंधाराचा मोठा उपकार आहे.

मग लाँड्रीवाल्या वहिनी आल्या. "भाऊजी परगावी गेलेत असं आत्ताच कळलं. जरा आत टेकू का?" काकूंनी आता हसू दाबण्यासाठी तोंडाला पदर लावला होता. त्यांच्यामागून क्लासवाले सर आले. ते जगाला वक्तशीरपणावर व्याख्यानं देत आणि आज लपायलासुद्धा घड्याळ बघून आले होते. चार नगरसेवक, एक खुर्ची, एक स्टूल आणि कपाटभर भिंगं! काडेपेटीत काड्या तरी आरामात झोपलेल्या असतात.

"म्हणजे सगळ्यांनाच नगराध्यक्ष व्हायचंय?" वहिनींनी विचारलं.

"मला नाही," सर म्हणाले. "मी फक्त लोकांचा आग्रह मोडू शकत नाही."

"कोणत्या लोकांचा?"

"ते अजून भेटायचेत."

इकडे सभा होती जुन्या बँकेच्या रिकाम्या जागेत. तिथे वेळेवर एकच सदस्य पोचली होती. सिस्टर! इस्पितळातून निवृत्त झालेल्या या परिचारिकेने निम्म्या शहराची नाळ कापली होती, त्यामुळे निम्मं शहर त्यांच्यासाठी अजून 'बाळ' होतं, आणि उरलेलं सवयीने. कोरमला चार माणसं हवीत, असं निवडणूक अधिकाऱ्याने सांगताच सिस्टरांनी स्कूटर काढली आणि घरोघर दारं ठोठावायला सुरुवात केली. सगळीकडे एकच उत्तर, 'परगावी.' उन्हातान्हात फिरून दुपार सरता सरता त्या चष्म्याच्या दुकानात आल्या.

"बाळ आहे?"

"परगावी गेलेत," काकू म्हणाल्या.

"अनवाणी?"

काकूंनी वळून पाहिलं. तपासणीच्या खोलीबाहेर चार जोड चपला ओळीने मांडलेल्या होत्या. पळून लपायला आले तरी नियम पाळून आले होते बिचारे!

"आत किती आहेत?" सिस्टरांनी विचारलं.

"चार," काकू म्हणाल्या. खोटं बोलायलाही काही मर्यादा असते.

"एकाच खोलीत चार! अगं बाई, मी आयुष्यात जुळ्यांच्या पुढे गेले नाही!" असं म्हणून सिस्टरांनी बाहेरून कडी घातली. "हलायचं नाही हं बाळांनो! निवडणुकीच्या साहेबांना इथेच पाठवते. उरलेले दोघं एसटी स्टँडवर आहेत म्हणे, खरंच परगावी निघालेत वेडे. त्यांना घेऊन येते!"

काही वेळाने कडी निघाली आणि निवडणूक अधिकारी आत आला. तरुण मुलगा, पहिलीच नेमणूक. खोलीत दिवा एकच, अक्षरांच्या तक्त्यामागचा. काकांनी तो लावला. त्या पांढऱ्या उजेडात चार नगरसेवक ताटकळलेल्या रोग्यांसारखे दिसत होते.

"कोरम झाला," अधिकारी म्हणाला. "सभा सुरू करतो. नगराध्यक्षपदासाठी नाव सुचवा. स्वतःचं नाव स्वतः सुचवता येणार नाही."



सलूनवाल्याने काकांना कोपराने ढोसलं. "माझं सुचवा ना काका. आयुष्यभर दाढी फुकट!"

"तूच माझं सुचव. आयुष्यभर चष्मा फुकट!"

"मला कुठे नंबर आहे?"

"लागेल की! मी बघतो ना!"

वहिनी सरांकडे बघत होत्या, सर छताकडे बघत होते आणि अधिकारी घड्याळाकडे. "पाचला दहा कमी आहेत," तो म्हणाला. "पाच वाजले की प्रशासक नेमावा असं मला वर कळवावंच लागेल. माझा नाइलाज आहे."

 महानगराचा प्रशासक! पुन्हा कचऱ्याच्या गाड्या, पुन्हा कोरडे नळ! कलेक्टरसाहेबांच्या दारात झोपलेल्या लोकांत काकाही होते. त्यांची पाठ तेव्हापासून धरली होती ती अजून सुटली नव्हती. आणि हे सगळं पाण्यात जायचं, ते त्यांच्याच दुकानात! भिंतीवरची तसबीर त्यांच्या डोळ्यांसमोर आली. छान होती हो. त्यांनी ती एकदा मन भरून पाहिली आणि उतरवून ठेवली.

"आज दिवसभर या शहरासाठी वणवण कोण फिरतंय?" त्यांनी विचारलं.

 सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी सिस्टरांचं नाव सुचवतो."

"त्या कुठायत?" सरांनी विचारलं.

"त्या इथे नाहीत."

एवढं ऐकायचा अवकाश! पिढ्यान् पिढ्यांची सवय ती. डोक्याला काही कळायच्या आत चारही हात वर गेले. सलूनवाल्याने तर अनुमोदनासाठी दोन्ही हात वर केले. अधिकाऱ्याने तक्त्याच्या उजेडात हात मोजले, दोनदा मोजले, आणि एकमताने निवड जाहीर केली.

त्याच क्षणी सिस्टर स्टँडवरच्या दोघांना दंडाला धरून आत आल्या. "झाला का कुणी?"

"झाला!" काका म्हणाले. "तुम्ही!"

सिस्टर मटकन स्टुलावर बसल्या. "अरे बाळांनो, मला नको होतं म्हणून तर मी सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते! एवढी जरा बाहेर गेले..."

त्या खरोखर चिडल्या होत्या. पण डोळे पुसून उठल्या त्या नगराध्यक्ष होऊनच. पाच वाजायच्या आत शपथ झाली. त्याच संध्याकाळी महानगराची कचऱ्याची गाडी वेशीवर आली, तेव्हा सिस्टर स्कूटर आडवी लावून उभ्या होत्या. ड्रायव्हर उतरून तावातावाने पुढे आला, त्याने नीट पाहिलं, आणि "नमस्कार सिस्टर" म्हणून गाडी मागे वळवली. त्याचाही जन्म त्यांच्याच हातून झाला होता! असं सरकार मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

रात्री काका घरी गुपचूप जेवले.

"वाईट वाटतंय का हो?" काकूंनी विचारलं.

"छे गं. माणूस योग्य निवडला," काका म्हणाले. ते खरं होतं. थोडं वाईटही वाटत होतं, तेही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी कामं वाटली. "चष्मेबाळ, तीस वर्षं तुम्ही प्रत्येक सभेत शेवटपर्यंत बसलात. इतकं ऐकून घेणारा माणूस शहरात दुसरा नाही. तक्रारखिडकी तुमची!"

काका जुन्या बँकेच्या जाळीमागे ताठ बसले. कोट घातला होता. समोर दारापर्यंत रांग. नळ, दिवे, कुत्री, शेजारी! काका प्रत्येकाला शांतपणे ऐकत होते, मान डोलवत होते, आणि जाणारा माणूस काम व्हायच्या आधीच निम्मा बरा होऊन जात होता. आपण यासाठीच जन्मलो, असं काकांना वाटायला लागलं.

तेवढ्यात रांगेतून काकू खिडकीशी आल्या.

"बोला," काका अधिकाराने म्हणाले. "तक्रार कशाबद्दल?"

"नवऱ्याबद्दल."

रांगेत खसखस पिकली. काकांनी कोट सारखा केला. "बाई, ते नगरपालिकेच्या अखत्यारीत येत नाही."

मागून नगराध्यक्षांचा आवाज आला, "येतं! लिहून घ्या!"